माझी अख्खी नोकरी डिस्पॅचमध्ये गेली. ३४ वर्षे मी एका कचेरीच्या जावक टेबलावर बसलो. आलेल्या कागदावर क्रमांक टाकायचा, तारीख टाकायची, शिक्का हाणायचा आणि पुढे ढकलायचा. कागदात काय लिहिले आहे हे वाचण्याची मला सक्ती नव्हती, आणि मीही उगाच आगाऊपणा केला नाही. त्यामुळे त्या दिवशी आतल्या खोलीतून सूनबाईचा वैतागलेला आवाज आला तेव्हा माझा जुना शिक्क्याचा हात आपोआप शिवशिवला.

"अरे, डिस्पॅच तर मी केलंय! पण स्टेट बदलतच नाहीये!"

बाहेर भाईंदरचा पाऊस. रुळांवर पाणी, गाड्या बंद, त्यामुळे सूनबाई घरूनच काम करत होती. मी चहाचा कप नेऊन ठेवला आणि म्हणालो, "बाई गं, मी ३४ वर्षं डिस्पॅच केलं. तेव्हाही स्टेट बदललं नव्हतं."

ती हसली नाही. कॉम्प्युटरवाल्यांची वैतागायची वेळ आणि आपली विनोद करायची वेळ एकच असते.

पण पुढचा अर्धा तास वीज गेली, आणि मग तिने मला ते प्रकरण समजावून सांगितले. तिची कंपनी हाऊसिंग सोसायट्यांसाठी कारभाराची सोय बनवते. टँकर आला, मेंटेनन्स भरला, लिफ्ट बिघडली, सगळे मोबाइलवर. हे लिहायचे जावास्क्रिप्ट नावाच्या भाषेत. (ही भाषा ब्रेंडन आइक नावाच्या गृहस्थाने १९९५ साली दहा दिवसांत तयार केली म्हणे. आमच्या कचेरीत दहा दिवसांत पेन्सिल मंजूर होत नसे.) आणि सगळ्या नोंदी सांभाळायला 'रिडक्स' नावाची एक पद्धत. ती पद्धत ऐकता ऐकता मी खुर्चीत ताठ बसलो. कारण ती आमचीच कचेरी होती!

एक मोठे रजिस्टर असते. त्याला म्हणतात स्टोअर. त्यात या क्षणी जे काही लिहिलेले आहे ते स्टेट. रजिस्टरात कोणीही परस्पर पेन घालायचे नाही, अगदी चेअरमननेसुद्धा. काही घडले तर एक चिठ्ठी लिहायची, तिला म्हणतात ॲक्शन. चिठ्ठीवर विषय लिहायचा, म्हणजे टाइप. ती रवाना करायची, म्हणजे डिस्पॅच. पुढे रिड्यूसर नावाचा एक कारकून बसलेला असतो. तो जुने पान पाहतो, चिठ्ठी पाहतो, आणि खाडाखोड न करता अख्खे पान नव्याने उतरवून देतो. विषय ओळखीचा नसेल तर तो काय करतो? जुने पान जसेच्या तसे परत ठेवतो. ओरडत नाही, विचारत नाही, शेरा मारत नाही.

"हा माणूस आमच्या शेजारच्या टेबलावर होता," मी म्हणालो.

तिचे त्या सकाळचे दुखणे नेमके तेच निघाले. चिठ्ठीवरच्या विषयात तिने एक अक्षर चुकीचे लिहिले होते. कारकुनाने चिठ्ठी घेतली, ओळखली नाही, आणि पान परत ठेवून तो शांत बसला. टँकर येऊन गेला आणि रजिस्टरात टाकी कोरडीच.

आता कोणी विचारील, एवढा खटाटोप हवा कशाला? त्याचाही इतिहास आहे. फेसबुकच्या पानावर निरोपांचा एक लाल आकडा दिसतो. पूर्वी तो आकडा 'एक निरोप आहे' म्हणे, आणि उघडावे तर निरोपच नसे. दुरुस्त करावे, पुन्हा उद्भवावे. कारण एकच माहिती पाचजण आपापल्या वहीत लिहीत होते, आणि कोण कोणाची वही बदलतो याचा पत्ता नव्हता. २०१४ साली त्यांनी यावर 'फ्लक्स' नावाची शिस्त जाहीर केली: बदल एकाच दिशेने, चिठ्ठीनेच. पुढच्या वर्षी डॅन अब्रामॉव्ह आणि अँड्र्यू क्लार्क या दोघा तरुणांनी ती सोपी करून रिडक्स आणले. अब्रामॉव्हने २०१५च्या उन्हाळ्यात पॅरिसच्या एका परिषदेत त्याचा प्रयोग करून दाखवला. सगळ्या चिठ्ठ्या क्रमाने ठेवलेल्या असल्यामुळे तो मागे मागे जाऊ शकत होता. एक चिठ्ठी काढली की रजिस्टर कालच्यासारखे, दोन काढल्या की परवासारखे. याला ते लोक कालप्रवास म्हणतात. आपण इतिहास म्हणतो.

फक्त या शिस्तीची किंमत होती लिखाण. 'टँकर आला' एवढे एक वाक्य सांगायला सूनबाई चार ठिकाणी लिहीत होती. एका फायलीत विषयाचे नाव ठरवायचे, आणि तेही कसे? टँकर_आला म्हणजे 'टँकर_आला'. मी म्हटले, "हे म्हणजे पाटील ऊर्फ पाटील झालं." तर ती म्हणाली, तसे केले की नाव चुकल्याबरोबर यंत्र बोंब मारते. नाहीतर तो मुका कारकून आहेच. (ही खबरदारी घ्यायचा तिने त्या दिवशी कंटाळा केला होता, हे तिने नंतर चहाबरोबर कबूल केले.) दुसऱ्या फायलीत चिठ्ठी तयार करणारे यंत्र. तिसरीत कारकुनासाठी सूचना: असा विषय आला तर असे कर. चौथीत प्रत्यक्ष बटण. सोसायटीत घडणाऱ्या गोष्टी पन्नास, तर हे सगळे पन्नासदा.

"याला आम्ही बॉयलरप्लेट म्हणतो," ती म्हणाली.

आता भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने गल्लोगल्ली. पत्रा म्हणजे काय हे इथल्या माणसाला शिकवावे लागत नाही. पण बॉयलरचा पत्रा लिखाणात कुठून शिरला? तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत छोट्या गावांच्या वर्तमानपत्रांना मोठ्या शहरांतून मजकुराचे तयार ओतीव पत्रे येत. संपादकाने पत्रा उचलायचा, यंत्रावर चढवायचा, पान भरले! त्यातले अक्षरसुद्धा बदलता येत नसे. छापखान्यातल्या लोकांना तो बॉयलरच्या पत्र्यासारखा दिसला, आणि तेव्हापासून ठरीव मजकुराला ते नाव पडले.

मी तिला सांगितले, हा पत्रा आमच्याकडे फार जुना आहे. आमच्याकडे तो पत्रात असतो.

देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप हेमाडपंत. लोक त्याला देवळांसाठी ओळखतात, पण आम्हा कारकुनांचा तो खरा कुलपुरुष. तेराव्या शतकातल्या या माणसाच्या नावावर 'मेस्तक' नावाचे एक प्रकरण सांगितले जाते. त्यात कोणाला पत्र लिहिताना कोणता मायना घालायचा याचे नियम. वडिलांना काय, गुरूला काय, बरोबरीच्याला काय, हाताखालच्याला काय. म्हणजे विषयांची ठरलेली नावे एका फायलीत! मोडी लिपीचे श्रेयही परंपरेने त्यालाच दिले जाते. ते खरे असो नसो, मोडी ही मुळात हाताचे श्रम वाचवणारी लिपी. आधी कागदभर रेघ ओढून घ्यायची आणि मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरे लोंबकळत न्यायची.

पुढे पेशवाईत हा मायना असा फुगला की विचारू नका. 'श्रीमंत राजश्री अमुक स्वामींचे सेवेसी, विनंती सेवक तमुक कृतानेक साष्टांग नमस्कार विज्ञापना, येथील कुशल जाणून स्वामींनी स्वकीय कुशल लेखन आज्ञा केली पाहिजे. विशेष.' एवढे झाले की मग मजकूर. तो 'विशेष' शब्द म्हणजे पाटी आहे: आता खरे सांगतो, कान द्या.

सूनबाई एकदम म्हणाली, "म्हणजे पेलोड!"

त्यांच्याकडे चिठ्ठीच्या विषयाखाली जो खरा माल असतो, कितव्या इमारतीत टँकर आला, किती लिटर, त्याला पेलोड म्हणतात. टाइप आणि पेलोड. मायना आणि विशेष. मला अतिशय आनंद झाला. सासरे-सुनेचे इतके एकमत आमच्या घरात आमटीच्या मिठावरसुद्धा झालेले नाही.

आणि ही पत्रे लिहिणारे लोक काही रिकामटेकडे नव्हते. आमच्या भाईंदरच्या खाडीपलीकडे वसईचा किल्ला. १७३९च्या फेब्रुवारी ते मे चिमाजीअप्पा त्याला वेढा घालून बसले होते. अलीकडच्या तीरावर धारावीचा किल्ला, त्यासाठीही मारामारी झाली. सुरुंग उडताहेत, माणसे पडताहेत, आणि छावणीतला कारकून शांतपणे 'कृतानेक साष्टांग नमस्कार' घोटतो आहे. आमच्या कचेरीत पंखा बंद पडला तरी काम थांबत असे.

पण घाईतला माणूस मार्ग काढतोच. परगणे लिहायचे तर 'प' काढायचा आणि पुढे दोन दंड उभे करायचे, प॥. राजमान्य राजश्रीचे झाले रा. रा. तीर्थस्वरूपाचे ती., चिरंजीवाचे चि., सौभाग्यवतीचे सौ. आणि शेवटी पोस्टकार्डाच्या जमान्यात सगळ्या पेशवाईचा अर्क उतरला तो सप्रेम नमस्कार विनंती विशेष म्हणजे स. न. वि. वि. खाली कळावे, लोभ असावा, म्हणजे क. लो. अ. आठ-दहा अक्षरांत दोन बाजूंची कुळशीळ, प्रकृती आणि प्रेम. जगात कोणी बॉयलरप्लेट कमी केले असेल तर ते कोकणातल्या पोस्टकार्डाने.

त्यातही चुकीच्या अक्षराचा धोका होताच. आमच्या एका काकांनी घाईत मोठ्या मावशीला 'सौ.' ऐवजी 'गं. भा.' लिहिले. मावशीचे यजमान शेजारीच आरामखुर्चीत बसून ते कार्ड वाचत होते. पुढची अकरा वर्षे त्या दोन घरांत पत्रव्यवहार नव्हता. तिथला कारकून मुका नव्हता.

पण आटोपशीरपणाच्या भरात आमच्या पूर्वजांनी एक गोष्ट अशी केली की तिच्या निस्तरण्यात पुढच्यांचे जन्म गेले. त्यांनी साल लिहिणे सोडले. पत्राच्या शेवटी 'छ ११ सफर' एवढेच. छ म्हणजे चंद्र, सफर हा महिना. साल कोणते? ते लिहिणाऱ्यालाही ठाऊक, वाचणाऱ्यालाही ठाऊक, मग बोरू कशाला झिजवा? तेव्हाच्या खाजगी पत्रांत हे सर्रास. १८९८ साली राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापायला सुरुवात केली, १९३० ते ३४ या काळात सरदेसायांनी पेशवे दप्तरातून निवडीचे ४५ खंड काढले. या मंडळींसमोर हजारो कागद, आणि पुष्कळांवर साल नाही. मग मोडकांची जंत्री काढायची, पत्रात कोणाच्या लग्नाचा, कोणाच्या मृत्यूचा, कुठल्या स्वारीचा उल्लेख आहे ते हुडकायचे, आणि कंसात इसवी सन घालायचा. खात्री नसेल तर पुढे प्रश्नचिन्ह. त्या एका प्रश्नचिन्हावर विद्वानांची आयुष्यभराची भांडणे झाली.

वीज आली. सूनबाई कामाला लागली आणि मी माळ्यावरून वडिलांची पत्र्याची पेटी काढली. इतिहास सांगून झाला की माणसाला घरचा इतिहास आठवतो. पेटीत एक कार्ड आहे, वडिलांनी भाईंदरहून कोकणात आजोबांना लिहिलेले. आमच्या घरात त्यावरून फार जुना वाद आहे: आपण भाईंदरला आलो कधी? मी म्हणतो एक, धाकटा भाऊ म्हणतो दुसरे. कार्डावर तारीख आहे 'मार्गशीर्ष शु. ३'. साल नाही! पोस्टाचा शिक्का आहे, पण बरोब्बर सालाच्या जागी शाई फासलेली. मी जावकवाला. असा शिक्का मारणाऱ्याला मी काय म्हणालो ते इथे लिहीत नाही.

'ती. दादांस कृ. सा. न. वि. वि. भाईंदरास खोली घेतली. पाणी ग्रामपंचायतीचे, सकाळी तासभर. शेजारी गिरणीतले आहेत. संप चालू असल्याने घरीच असतात, त्यामुळे सोबत आहे. काळजी नसावी. ती. सौ. आईस सा. न. मुलांस आशीर्वाद. क. लो. अ.'

संपली बखर. मी चष्मा पुसला आणि राजवाडे झालो. कार्ड १५ पैशांचे. ग्रामपंचायतीचे पाणी म्हणजे १९८५च्या जूनच्या आधीचे, कारण तेव्हा ग्रामपंचायती एकत्र करून मीरा-भाईंदर नगरपरिषद झाली. (महानगरपालिका व्हायला पुढे २००२ उजाडले.) गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ला सुरू झाला, आणि तो रीतसर संपल्याचे कोणी कधी जाहीरच केले नाही. म्हणजे मार्गशीर्ष उरले तीन: ८२, ८३ आणि ८४. पुढे गाडी हलेना.

संध्याकाळी सूनबाई बाहेर आली ती खुशीत. तिने जुने चारही पसारे काढून टाकले होते. म्हणाली, हे आधीच करायचे होते, पण जुन्या कामाला हात लावायला वेळ मिळत नव्हता. खरे तर रिडक्सवाल्यांनाही हा पसारा पहिल्यापासून टोचत होता. त्यांच्या माहितीपुस्तकात 'बॉयलरप्लेट कमी करणे' असे प्रकरणच होते. मग २०१५मध्येच एरिक रासमुसेन या गृहस्थाने सुचवले की विषयाचे नाव, चिठ्ठीयंत्र आणि कारकून हे तिघे एकाच फायलीत नांदू द्या. या पद्धतीचे नाव 'डक्स', म्हणजे बदके. का, तर रिडक्सच्या शेपटीचा उच्चार तसा होतो. असल्या कारणावरून नाव ठेवणारी माणसे आपल्याकडे फक्त बारशाला येतात. २०१९ साली मार्क एरिकसन आणि मंडळींनी 'रिडक्स टूलकिट'ची पहिली पक्की आवृत्ती काढली. त्यात आता एकदाच सांगायचे: विभागाचे नाव 'टँकर', त्यात घडणारी गोष्ट 'आला', आणि आला की काय करायचे. बाकीचे यंत्र स्वतः लिहिते. पान पुन्हा उतरवायचा त्रासही गेला. एक कच्चा कागद हातात देतात, त्यावर वाटेल तशी खाडाखोड करा, पक्की प्रत 'इमर' नावाचा आतला माणूस काढतो.

मला धास्ती वाटली. म्हटले, "विषयाचं नाव तर गाळलं नाहीस ना? आमच्यांनी साल गाळलं तसं?"

"नाही बाबा. ते मी लिहीत नाही, पण यंत्र लिहितं. बघा."

तिने पडद्यावर चिठ्ठ्यांची यादी दाखवली. टँकर/आला. टँकर/आला. लिफ्ट/बिघडली. मेंटेनन्स/भरला. प्रत्येकीवर पूर्ण विषय, खाली माल, पुढे वेळ. तिने एक बटण मागे नेले आणि माझ्या डोळ्यांसमोर लिफ्ट दुरुस्त झाली, टँकर फाटकातून उलटा बाहेर गेला, टाकी कोरडी पडली. आमच्या कचेरीतला रबरी शिक्का मला आठवला. त्या शिक्क्यात कचेरीचे नाव, 'जावक क्रमांक' आणि 'दिनांक' कोरलेले, हाताने भरायचे ते फक्त आकडे. तो येण्यापूर्वी आमचे हेडक्लार्क सगळे हाताने लिहीत, आणि कंटाळा आला की पहिल्यांदा तारीख गाळत.

मग मी तिला माझे कार्ड दाखवले. माझे तीन मार्गशीर्ष सांगितले. मालातला, म्हणजे विशेषातला, एकेक शब्द पिळून झाला होता. तिने कार्ड हातात घेतले आणि मी ज्या भागावरून नजरसुद्धा सरकवली नव्हती तिथे बोट ठेवले.

"हे काय, ती. सौ. आईस सा. न.?"

"ते असतंच. प्रत्येक पत्रात असतं. बॉयलरप्लेट."

"पण या आई म्हणजे तुमच्या आजी ना? त्या कधी गेल्या?"

मी गप्प बसलो. आजी गेली १९८३च्या आषाढात. त्या दिवशी कोकणात असा पाऊस होता की वडील तिसऱ्या दिवशी पोचले. त्यानंतरच्या कुठल्याही पत्रात 'ती. सौ. आईस' येणे शक्य नव्हते. म्हणजे मार्गशीर्ष एकच उरला. आणि मला आजवर वाटत होते की मुलाने मुंबईकडे खोली घेतल्याचे सुख म्हातारीला कळलेच नाही. मी भावाशी एवढी वर्षे ८४वरच भांडत होतो.

"पण सवयीनं लिहिलं असेल तर?" सूनबाई म्हणाली. "कॉपी-पेस्टमध्ये जुनं तसंच राहतं, बाबा. आमच्याकडे रोज होतं."

"गेलेल्या बाईला कोणी सवयीनं 'सौ.' लिहीत नाही," मी म्हणालो. "विचार आमच्या काकांना."

मी पेन्सिल घेतली. कार्डाच्या कोपऱ्यात दुपारी लिहून ठेवले होते, (१९८४?). ते खोडून (१९८२) लिहिले, आणि प्रश्नचिन्ह घातले नाही. भावाला ताबडतोब फोन लावला. तो म्हणाला, "मी १९८२च म्हणत होतो." हे मात्र धादांत खोटे आहे, तो ८३ म्हणत होता. पण आमच्या भांडणाची चिठ्ठी कोणीच ठेवलेली नाही.